अनुकूली नियंत्रण: सिद्धता बरोबर आहे, मग तेराव्या मिनिटाला गेन पळाला कुठे?

मापनवेडी

पीआयडीच्या (कारखान्यात सर्रास वापरतात त्या साध्या कंट्रोलरच्या) जुन्या धाग्यावर इथे कंट्रोलवाले बरेच आहेत असं दिसलं होतं, म्हणून हिंमत करून नवा धागा काढते आहे.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. विषय मॉडेल रेफरन्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोल. म्हणजे आपल्याला हवी तशी वागणारी एक आदर्श प्रणाली कागदावर मांडायची आणि खरी मोटर तिच्यासारखी वागेपर्यंत कंट्रोलरने आपले गेन (कशाला किती जोराने उत्तर द्यायचं ते गुणक) स्वतःच बदलत राहायचे. मागच्या आढावा बैठकीत मी मोठ्या अभिमानाने आलेख दाखवले. मोटर आणि आदर्श यांच्यातली चूक शून्याकडे जाते, गेन स्थिरावतात, सगळं स्थिर राहतं याची लायापुनॉव्हच्या पद्धतीची सिद्धता जोडलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "रोर्सचं उदाहरण चालवून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. घरी येऊन बघितलं आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार्ल्स रोर्स, लेना वालावानी, मायकेल अथान्स आणि गुंटर स्टाइन यांनी आधी १९८२ मध्ये एका परिषदेत आणि मग १९८५ च्या शोधनिबंधात हे उदाहरण मांडलं. कंट्रोलरला वाटतं की प्रणाली साधी पहिल्या घाताची आहे, २/(एस + १). आदर्श मॉडेल ३/(एस + ३). पण खऱ्या प्रणालीला मागे एक शेपूट आहे, २२९/(एस² + ३०एस + २२९). ही शेपटी इतकी वेगवान आहे की एरवी कोणीही म्हणेल, सोडून द्या.

मी संदर्भ (आउटपुट किती हवं तो आकडा) २ वर स्थिर ठेवला. मोजलेल्या आउटपुटवर ०.५ ची छोटी लहर टाकली, वारंवारता १६.१ रेडियन प्रति सेकंद. अनुकूलनाचा वेग (गॅमा) ०.१. गेन दोनच, संदर्भाचा केआर आणि फीडबॅकचा केवाय. सुरुवात १.१४ आणि ०.६५ पासून.

दहा मिनिटं सगळं शहाण्यासारखं चालतं. आउटपुटची सरासरी २ वर, परीक्षकांना दाखवावं असं. फक्त केवाय गुपचूप वर सरकत असतो. दहाव्या मिनिटाला साडेसहा, तेराव्या मिनिटाला बाराच्या जवळ. पुढच्या अर्ध्या मिनिटात आलेखाने कागद सोडला.

१) सिद्धता चुकली का? २) गेन पळू नयेत म्हणून सुचवलेल्या डेड झोन, सिग्मा, प्रोजेक्शन या उपायांतलं काय घ्यावं? ३) प्रत्यक्ष प्लांटवर कोणी हे वापरतं का, की आपण एकमेकांचे निबंध वाचण्यासाठीच निबंध लिहितो?

टपरीवरचा_चहा

वाचतोय. कळलं शून्य, पण 'आलेखाने कागद सोडला' आवडलं.

बाकीशून्य

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सिद्धता चुकलेली नाही, तिच्या अटी तुमच्या प्रणालीला लागू नव्हत्या.

१९८० साली दोन-तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी अनुकूली नियंत्रणाची जागतिक स्थिरता सिद्ध केली. येलमध्ये नरेंद्र आणि त्यांचे सहकारी, तिथलेच मोर्स, आणि वेगळ्या मार्गाने गुडविन, रॅमेज, केन्स. (कुंपती नरेंद्र मूळचे मद्रासचे.) वीस वर्षं अडलेलं काम सुटलं. त्या सिद्धतेला चार गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात: प्रणालीचा घात जास्तीत जास्त किती, सापेक्ष घात (छेदाचा घात वजा अंशाचा) नेमका किती, उच्च वारंवारतेच्या गेनचं चिन्ह काय, आणि शून्यं सगळी डावीकडे आहेत ना (म्हणजे प्रणाली आधी उलट्या दिशेला जात नाही ना). तुमच्या कंट्रोलरने सापेक्ष घात १ मानला, शेपटी धरून तो ३ आहे. अट तिथेच मोडली.

आता केवाय कुठे फुटतो ते वहीच्या कोपऱ्यात काढता येतं. (एस + १) गुणिले (एस² + ३०एस + २२९) म्हणजे एस³ + ३१एस² + २५९एस + २२९. फीडबॅकमुळे शेवटच्या पदात ४५८ गुणिले केवाय मिळतात. स्थिर राहण्यासाठी राउथची अट: ३१ × २५९ म्हणजे ८०२९ हे शेवटच्या पदापेक्षा मोठं हवं. ८०२९ वजा २२९ भागिले ४५८, उत्तर १७.०३. केवाय सतराच्या वर गेला की खेळ संपला. कोणत्या वारंवारतेला? २५९ चं वर्गमूळ, १६.१. त्या चौघांनी तो आकडा हवेतून काढलेला नव्हता.

मापनवेडी

हो, १७.०३ मलाही मिळाला. पण तो तिथपर्यंत *जातो का*, हे कळत नाही. आदर्श उत्तर केवाय = १, केआर = १.५ आहे. तिथे जाऊन थांबायला काय हरकत होती?

बाकीशून्य

कारण तुम्ही त्याला १ आणि १२ मधला फरक ओळखायला काही दिलंच नाहीत.

संदर्भ स्थिर २. आउटपुटची सरासरी २ ठेवायची तर एकच अट पुरते: केआर = केवाय + ०.५. ही एक अख्खी रेषा झाली. १.५ आणि १ त्या रेषेवर आहेत, तसे १२.५ आणि १२ सुद्धा आहेत. स्थिर संदर्भावर सगळे सारखेच दिसतात.

मग रेषेवरून ढकलतं कोण? केवायचा नियम बघा: बदलाचा वेग म्हणजे गॅमा × चूक × आउटपुट. लहर चुकीतही आहे आणि आउटपुटमध्येही आहे, आणि दोन्हीकडे ती एकाच वेळी वर-खाली होते. गुणाकाराची सरासरी काढली की लहरीचा वर्ग उरतो. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून केवाय फक्त वर जातो. केआरला रेषेवर राहण्यासाठी मागोमाग जावं लागतं, त्यामुळे वेग निम्मा होतो एवढंच.

आकडे घालतो. ०.५ च्या लहरीची वर्गसरासरी ०.१२५, गॅमा ०.१, निम्मं केलं तर सेकंदाला ०.००६२५. शिवाय केवाय वाढला की १६.१ ची लहर आणखी फुगते, १/(१ − केवाय/१७) पटीने. म्हणजे शेवटी वेग पिसाटतो. इंटिग्रेट केलं तर ०.६५ पासून १७ पर्यंत साधारण ८०० सेकंद. तेरा मिनिटं आणि थोडी वर. तुमचं सिम्युलेशन बरोबर आहे.

मापनवेडी

हे मी आज सकाळी स्टाफरूममध्ये वाचलं आणि तास पाच मिनिटं उशिरा सुरू केला. इतक्या महिन्यांत हा वर्ग मला का दिसला नाही!

साधी_सुधा

माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यांसाठी कोणी मराठीत सांगेल का? धागा सोडवत नाहीये पण डोक्यावरून जातोय.

बाकीशून्य

प्रयत्न करतो. भाताला पाणी किती घालायचं हे तांदळावर ठरतं. नव्याला कमी, जुन्याला जास्त. पोत्यावर काही लिहिलेलं नाही.

एक पद्धत अशी की नवा असो वा जुना, भात खाण्याजोगा होईलच असं एक माप ठरवून टाकायचं आणि रोज तेवढंच घालायचं. उत्कृष्ट कधीच होणार नाही, फसणारही नाही. हे रॉबस्ट. दुसरी पद्धत, आज टणक झाला तर उद्या चमचाभर पाणी जास्त, गिजगा झाला तर कमी. आठवड्यात हात बसतो. हे अ‍ॅडाप्टिव्ह.

आता घरात आजोबा आहेत आणि त्यांची कवळी सैल आहे. भात कसाही असला तरी ते म्हणणार, "आज जरा टणकच झालाय." बाकीचे मुकाट जेवतात, कोणी काही बोलत नाही. सून बिचारी ऐकीव, रोज चमचाभर पाणी वाढवते. महिन्याने पातेल्यात पेज.

साधी_सुधा

कळलं!! आणि आमच्याकडे सासरे असेच आहेत. मग उपाय काय करतात?

बाकीशून्य

ताईंचा दुसरा प्रश्न तोच आहे. डेड झोन: बारीकसारीक तक्रार कानाआड करायची, फारच बिघडलं तर माप बदलायचं. प्रोजेक्शन: काही झालं तरी दोन वाट्यांच्या वर पाणी नाही, असं आधीच ठरवून ठेवायचं. सिग्मा: तक्रार ऐकायची, पण रोज थोडं थोडं मूळ मापाकडे परतही यायचं. गंमत अशी की साध्या सिग्मात 'मूळ माप' शून्य असतं, म्हणजे दुर्लक्ष झालं तर सून कोरडे तांदूळ शिजवायला लागेल.

शब्दखोड

अवांतराबद्दल आधीच माफी. 'रॉबस्ट'ला पुस्तकात 'सुदृढ' किंवा 'मजबूत' लिहितात. मजबूत म्हणजे न तुटणारं. इथे अर्थ वेगळा आहे: ऊन-पाऊस, कमी-जास्त खाणं, सगळं सोसून चालत राहणारं. त्याला आपल्याकडे 'काटक' म्हणतात. काटक नियंत्रण! आणि अ‍ॅडाप्टिव्हला 'अनुकूली' पेक्षा 'समजूतदार' कसं वाटतं?

टपरीवरचा_चहा

काटकला +१. समजूतदार नको, वरच्या सुनेची गत बघितलीत ना.

चिपाडवाला

तिसऱ्या प्रश्नावर दोन ओळी टाकतो. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम, सव्वीस सीझन झाले. ताई, राग मानू नका, पण तुमच्यासारखं काहीतरी आमच्या बॉयलरवर लावून दाखवायला दोन जण आले होते. नावं घेत नाही. लॅपटॉपवर छान चाललं. ड्रमला लावल्यावर दुसऱ्या शिफ्टच्या अटेंडंटने अकरा वाजता लूप मॅन्युअलला टाकला तो टाकलाच.

त्याचं काय चुकलं नव्हतं. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी ही उलट्या काळजाची चीज आहे. मिलने एकदम जास्त वाफ ओढली की ड्रममधलं प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि काचेत पातळी *वर* गेलेली दिसते. खरं पाणी तर कमी होत असतं. नुसत्या पातळीवर चालणारा कंट्रोलर म्हणतो पाणी जास्त झालं, फीड वॉटर कमी कर. म्हणजे नेमकं उलटं. म्हणून आम्ही तीन घटकांचा लूप लावतो: पातळी, वाफेचा फ्लो, पाण्याचा फ्लो. वाफ किती गेली तेवढं पाणी आधी पाठव, पातळीचं नंतर बघू.

त्यात इंधन चिपाड. पन्नास टक्क्यांच्या आसपास ओल, ती कधी तीन टक्के इकडे, कधी तिकडे. पाऊस पडला की आणखी वेगळं. उसाची गाडी अडली की मिल बंद, वाफ एकदम नको. अशा गोंधळात शिकणारा कंट्रोलर काय शिकणार? तो चिपाडाची ओल शिकेल आणि त्याला वाटेल पाण्याचा व्हॉल्व बदलला.

बाकीशून्य

काका, तुम्ही सांगितलेल्या 'उलट्या काळजा'ला आमच्या भाषेत उजव्या बाजूचं शून्य म्हणतात. वर चार अटी लिहिल्या होत्या, त्यातली चौथी नेमकी हीच. तुमच्या अटेंडंटने सिद्धता न वाचता तिची मर्यादा ओळखली.

चिपाडवाला

त्याला सांगतो. म्हणेल पगारवाढीचं बघा.

अजून एक. व्हॉल्व चिकटतो ते कुठल्या समीकरणात असतं? पॅकिंग जास्त आवळलं की व्हॉल्व दोन टक्के सिग्नलला हलतच नाही, तीन टक्क्यांना एकदम उडी मारतो. लूप डुलायला लागतो. तिथे गेन बदलून काय होणार, ग्लँडचे नट अर्धा फेरा सैल करावे लागतात. आमच्याकडचे निम्मे 'ट्यूनिंगचे प्रॉब्लेम' पान्याने सुटतात.

आणि आम्ही अगदीच अडाणी नाही. लोडप्रमाणे गेनचे तीन सेट ठेवलेत, लोड बदलला की सेट बदलतो. आणि कंट्रोलरवरचं ऑटो-ट्यूनचं बटण सीझनच्या सुरुवातीला एकदा दाबतो. त्यानंतर त्याला हात नाही.

उत्तरध्रुव

चिपाडवाल्या काकांच्या शेवटच्या ओळीसाठी खास लॉगिन केलं. मी दक्षिण स्वीडनमध्ये राहतो, आणि ते ऑटो-ट्यूनचं बटण इथूनच निघालं आहे.

कार्ल योहान ओस्ट्रोम हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आयबीएमच्या स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत होते आणि बिलरूड नावाच्या कागद कंपनीच्या यंत्रावर संगणकाने नियंत्रण करण्याच्या प्रकल्पात काम करत होते. कागदाचं वजन सगळीकडे सारखं यायला हवं. चढउतार जितका कमी, तितकं सरासरी वजन किमान मर्यादेच्या जवळ नेता येतं आणि लगदा वाचतो. म्हणजे चढउतार कमी करण्याला सरळ क्रोनरमध्ये किंमत होती. नंतर लुंडला आल्यावर १९७३ मध्ये त्यांनी आणि ब्यॉर्न विटनमार्कने स्वतःला ट्यून करणाऱ्या रेग्युलेटरवरचा गाजलेला निबंध लिहिला. इथे अनुकूली नियंत्रण कारखान्याच्या फरशीवरून वर आलं, सिद्धतेतून खाली नाही.

आणि बटण? १९८४ मध्ये ओस्ट्रोम आणि टोरे हेगलुंड यांनी रिलेची युक्ती मांडली. कंट्रोलर बाजूला ठेवायचा आणि त्याच्या जागी एक साधा रिले: आउटपुट खाली गेलं की पूर्ण वर, वर गेलं की पूर्ण खाली. प्रणाली आपोआप एका लयीत डुलायला लागते. डुलण्याची उंची आणि कालावधी मोजायचा. रिलेची उंची चौपट करून पाय गुणिले डुलण्याच्या उंचीने भागलं की कुठल्या गेनला लूप फुटेल तो आकडा हातात येतो. मग पीआयडी बसवायचं आणि शिकणं *बंद*.

मापनवेडी, तुमच्याच प्रणालीला १ उंचीचा रिले लावून बघा. साधारण ०.०७५ उंचीचं डुलणं मिळेल, कालावधी ०.३९ सेकंद. चार भागिले पाय भागिले ०.०७५.

मापनवेडी

१७!!! आणि ०.३९ सेकंद म्हणजे १६.१ रेडियन.

म्हणजे ज्या वारंवारतेने माझं वाटोळं केलं, तीच पाच सेकंदांच्या चाचणीत रिलेने सांगितली असती. शेपटीबद्दल त्याला काहीही माहीत नसताना.

उत्तरध्रुव

तेच. कारण तो प्रणालीला *नेमका तिथेच* डिवचतो जिथे धोका आहे. तुमचा कंट्रोलर शांत बसून स्थिर संदर्भाकडे बघत होता आणि गोंगाटातून अर्थ काढत होता.

गच्चीवरचा_पतंग

या धाग्यावर एक्स-१५ ची गोष्ट कोणीच कशी काढली नाही? मी विमानांच्या कंट्रोलमध्ये काम करतो, कुठे ते सोडा.

एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट इंजिनाचं संशोधन विमान. बी-५२ च्या पंखाखालून सोडायचे, हवेच्या जवळजवळ बाहेर जाऊन परत यायचं. वर हवाच नाही, खाली घट्ट हवा, म्हणजे एकाच उड्डाणात प्रणाली शेकडो पटींनी बदलते. तीन विमानांपैकी तिसऱ्यावर हनीवेलची एमएच-९६ नावाची अनुकूली यंत्रणा होती. तिचं तत्त्व वरच्या रिलेच्या चुलतभावासारखं: गेन वाढवत न्यायचा, नियंत्रणपृष्ठं बारीक थरथरायला लागली की म्हणायचं, आता पुरे, आणि थोडा खाली घ्यायचा. हवा विरळ असली की गेन आपोआप वर, घट्ट झाली की खाली. ना विमानाचं मॉडेल, ना वेगाचं मापन. डिसेंबर १९६१ मध्ये त्या विमानाचं पहिलं उड्डाण केलं नील आर्मस्ट्राँगने. पुढच्या एप्रिलमध्ये याच यंत्रणेची चाचणी घेताना त्याने नाक जरा जास्त वेळ वर धरलं, विमान वातावरणावरून उसळलं आणि तळ ओलांडून पार पॅसाडेनाच्या डोक्यावर गेलं. कसाबसा परत आला.

१५ नोव्हेंबर १९६७. वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स. वर जाताना एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विद्युत गडबड झाली. शिखर २,६६,००० फूट. विमान हळूहळू तिरकं होत गेलं, कॉकपिटमधल्या दर्शकाचा अर्थ बहुधा उलटा लागला, आणि खाली येताना ध्वनीच्या पाचपट वेगात गिरकी सुरू झाली. त्यातून विमान बाहेर आलं! आलं, पण उलटं, सूर मारत. आणि तेव्हा पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) एमएच-९६ ची थरथर सुरू झाली. बारीक नाही, नियंत्रणपृष्ठं हलवणारे सर्व्हो आपल्या कमाल वेगाला आपटतील इतकी मोठी. हवा दर सेकंदाला घट्ट होत होती, गेन खाली यायला हवा होता. तो आला नाही. साधारण साठ हजार फुटांवर विमानाचे तुकडे झाले. अ‍ॅडम्सना अंतराळवीराचे पंख मरणोत्तर मिळाले.

सगळा दोष यंत्रणेवर टाकणं अन्यायाचं होईल, त्याआधी बरंच बिघडलेलं होतं आणि ती यंत्रणा त्यापूर्वी कित्येक उड्डाणांत उत्तम वागली होती. पण सर्व्होचा वेग संपला की थरथरीचा अर्थच बदलतो, हे तिच्या नियमात बसत नव्हतं. शेपटी सगळीकडे असते, कुठे २२९ ची, कुठे सर्व्होची.

साधी_सुधा

वाचून वाईट वाटलं. पेजेवर निभावलं तर बरं.

करडी_वही

रॉबस्टवाल्यांच्या बाजूने कोणी नाही का? मग मी. एवढं सगळं होऊनही शिकायचा हट्ट कशाला? अनिश्चितता किती हे आधी लिहून काढा आणि त्या सगळ्या कुटुंबाला पुरेल असा एकच न बदलणारा कंट्रोलर बनवा. जॉर्ज झेम्सने १९८१ मध्ये एच-इन्फिनिटीचा (वाईटात वाईट परिस्थिती धरून कंट्रोलर बनवण्याचा) विचार मांडला. १९८९ मध्ये डॉइल, ग्लोव्हर, खारगोनेकर आणि फ्रान्सिस या चौघांनी तो दोन रिकाटी समीकरणांत बसवला आणि तेव्हापासून तो कोणालाही संगणकावर काढता येतो. (त्यातले प्रमोद खारगोनेकर आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, हे वर्गात सांगितलं की मुलं जरा ताठ बसतात.)

बाकीशून्य

आणि तो सुद्धा ठेच लागल्यावरच सुचला, हेही सांगा. त्याआधी सगळे एलक्यूजीवर (गोंगाट धरून सरासरी चूक कमीत कमी ठेवणाऱ्या कंट्रोलरवर) खूश होते, गणिताने सर्वोत्तम म्हणून. १९७८ मध्ये डॉइलने निबंध लिहिला, शीर्षक 'एलक्यूजी रेग्युलेटरची हमखास मार्जिनं' (मार्जिन म्हणजे किती फरक सोसेल ते), आणि सारांशात एकच वाक्य: तशी नाहीतच. सर्वोत्तम कंट्रोलर केसाएवढ्या फरकाने कोसळू शकतो. दोन्ही घराण्यांना एकेकदा कोणीतरी असं उभं करून विचारलेलं आहे.

आणि करडी_वही, 'अनिश्चितता किती हे आधी लिहून काढा' हे तुम्ही फार सहज म्हणालात. चिपाडवाल्या काकांना विचारा लिहून द्यायला.

करडी_वही

मान्य. अनिश्चितता जास्त लिहिली की कंट्रोलर इतका घाबरट होतो की काकांचा अटेंडंट परवडला.

मापनवेडी

चार दिवस गायब होते, पेपर तपासणी. आता निकाल.

प्रोजेक्शन, केवाय ५ च्या वर नाही: दहा मिनिटांच्या आतच भिंतीला टेकला आणि तिथेच बसला. सरासरी उत्तम, मोजमापातली लहर ०.५ ची ०.७ झाली. तासभर चालवलं, काही नाही. पण ५ आणायचा कुठून? रिले चाचणीतून! १७ चा तिसरा हिस्सासुद्धा नाही. उत्तरध्रुव, हे तुमचं.

सिग्मा ०.०१: गेन कुठेही पळाले नाहीत, पण आउटपुट २ ऐवजी १.९५ च्या आसपास अडलं. गोंगाट काढून टाकला तरी चूक शून्य होत नाही. ज्या गुणासाठी अनुकूली घेतलं तोच थोडा विकून सुरक्षितता घेतली.

डेड झोन ०.६: पूर्ण शांत. मग लहर ०.५ ची ०.८ केली आणि परत वाहायला लागलं. म्हणजे गोंगाटाची कमाल आधी माहीत हवी. करडी_वही, तुमचीच अट मागच्या दाराने आली.

संदर्भाला छोटी चौकोनी लाट देऊन पाहिली. वाहणं मंदावलं, थांबलं नाही.

बाकीशून्य

लाट मोठी हवी होती, आणि १ ते ३ रेडियनच्या पट्ट्यात, जिथे तुमचं मॉडेल खरं आहे. पण चालत्या प्लांटमध्ये इतकं हलवायला कोण देणार? आणि हलवलं नाही तर ब्रायन अँडरसनने १९८५ मध्ये दाखवलेला प्रकार होतो: बराच काळ शांत, गेन हळूच घसरतात, मग अचानक उसळी, त्या उसळीतून कंट्रोलर पुन्हा शिकतो, पुन्हा शांत. अटेंडंटच्या भाषेत 'कधी कधी भूत लागतं'.

मी प्रोजेक्शन घेईन, आणि सोबत डेड झोन. प्रबंधात चार अटींचं एक वेगळं प्रकरण करा, प्रत्येक अट प्रत्यक्षात कुठे मोडते ते दाखवून. परीक्षक पुन्हा चष्मा वर करतील तेव्हा ते पुढे ठेवा.

चिपाडवाला

ताई, सगळं सिम्युलेशनवरच चाललंय. खरी मोटर आहे ना लॅबमध्ये? तिच्या मोजमापात लहर आहे का? असेल तर येते कुठून?

मापनवेडी

आहे, काका. डीसी मोटर, मागे वेग मोजणारा टॅकोजनरेटर. लहर मोटरच्या फेऱ्यांच्या बरोबरीने येते, एका फेऱ्याला एक. मी आजवर तिला 'मापन गोंगाट' म्हणून मोडीत काढत होते.

चिपाडवाला

फेऱ्याला एक म्हणजे गोंगाट नव्हे. कपलिंग बघा.

मापनवेडी

बघितलं. टॅकोच्या कपलिंगचा एक ग्रब स्क्रू ढिला होता, शाफ्ट किंचित तिरका फिरत होता. अ‍ॅलन की घेऊन आवळला, पत्र्याची बारीक पट्टी घालून सरळ केला. लहर जवळजवळ निम्मी झाली. मग कुठलाही उपाय न लावता जुनाच नियम चालवला: केवाय अजूनही वर सरकतो, पण आधीच्या साधारण पाव वेगाने.

बाकीशून्य

निम्म्याचा वर्ग पाव. जुळलं.

मापनवेडी

आमच्या लॅब असिस्टंटना दाखवलं तर ते म्हणाले, "तो स्क्रू ना मॅडम? तीन वर्षं ढिलाच आहे तो. मला वाटलं तुमच्या प्रयोगासाठी मुद्दाम ठेवलाय."